व्यंकटरावांचे स्पॅनिश आणि कावेरीबाईंचे दुखणे

३ जून २०२४ रोजी व्यंकटरावांनी चार हजार सातशे पन्नास रुपये रोख मोजून भक्तीच्या टेबलावर ठेवले आणि पावती मागितली. नवरा-बायको दोघांची मिळून फी पाच हजार होती. उरलेल्या अडीचशेचे काय, असे तिने विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकले की ते शेवटच्या दिवशी मिळतील, शिकवणी समाधानकारक झाली तर. पतसंस्थेचा वसुली अधिकारी म्हणून ज्याची हयात दुसऱ्यांच्या ओट्यावर ठाण मांडण्यात गेली, त्याला स्वतःचे देणे थकवायची कला वेगळी शिकावी लागत नाही.

कावेरीबाई त्यांच्या मागे एक पाऊल उभ्या होत्या. चाळीस वर्षे त्या तिथेच उभ्या होत्या.

वसमत रस्त्याला खत-बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर भक्तीचा वर्ग भरत असे. खालून औषधांचा उग्र वास यायचा. दारावर पाटी होती, 'डॉक्टरांशी बोलण्यापुरते स्पॅनिश'. भक्ती पुण्यात ही भाषा शिकली होती. तिकडच्या एका विमा कंपनीत ती काही वर्षे आजारी माणसे आणि स्पॅनिश डॉक्टर यांच्या मध्ये फोनवर दुभाषाचे काम करत होती, मग लग्न होऊन परभणीला आली. परदेशी नोकरीचे स्वप्न पाहणाऱ्या नर्सिंगच्या तीन मुली तिच्याकडे येत. त्यांच्यात आता हे जोडपे दाखल झाले.

कारण साधे होते. मुलगा शंतनु स्पेनमध्ये वालेन्सियाला नोकरीला होता आणि सून योगिनी नोव्हेंबरात बाळंत होणार होती. कावेरीबाईंना बाळंतपणाला जायचे होते. शंतनुने फोनवर सांगितले होते की भाषेची काळजी करू नका, इथे मोबाइलच भाषांतर करून देतो, तुम्ही फक्त आईला घेऊन या. 'फक्त आईला घेऊन या' हे वाक्य व्यंकटरावांना झोंबले. ते म्हणाले, "मोबाइल काय जिम्मेदार माणूस हाय? डॉक्टरपुढं घरचा माणूस बोलायला लागतो."

घरचा माणूस म्हणजे ते स्वतः. ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजायचे नाही.

आपल्याकडे बाई दवाखान्यात जाते म्हणजे ती स्टुलावर बसते. मागे नवरा, दीर किंवा मुलगा उभा राहतो. डॉक्टर विचारतात, काय होतंय? बाई मान मागे वळवते आणि मागचा माणूस बोलतो. डॉक्टरही मग त्याच्याशीच बोलतात, त्यालाच चिठ्ठी देतात, पथ्य त्यालाच सांगतात. बाईने फक्त जीभ दाखवायची आणि श्वास आत-बाहेर करायचा. यात कुणाला वावगे वाटत नाही. उलट मागे माणूस नसेल तर कंपाउंडर विचारतो, "सोबत कोण हाय?"

व्यंकटराव हे काम मोठ्या हौसेने करीत. वसुलीला गेल्यावर कर्जदाराची परिस्थिती त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते असे त्यांना वाटे, तसेच बायकोच्या शरीराचेही वाटे. त्यांचे निदान एकच असे. पित्त. कावेरीबाईंना विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी गावाकडच्या, झरीच्या डॉक्टरला सांगितले, पित्त आहे, उपासतापास फार करते. मान आखडली, पित्त. पहाटे घाम सुटू लागला, पित्त. एकदा अंगणात पाय घसरून मनगट मोडले. ते काही पित्तात बसेना, तेव्हा चक्कर आली असेल आणि चक्कर पित्ताने येते, अशी त्यांनी वाट काढली. प्लास्टर घातल्यावर डॉक्टरला त्यांनी एकच प्रश्न विचारला, भाकरी कधीपासून थापता येईल.

असा हा बायकोचा मुखत्यार.

आता कावेरीबाईंच्या मनातले. त्यांचे मासिक येणे थांबून सहा वर्षे झाली होती. यंदा होळीच्या सुमारास त्यांना पुन्हा रक्त दिसले. आधी थोडे, मग थांबले, मग पुन्हा. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कुणाला सांगायचे? सांगायला शब्द तरी कोणता? आपल्या बायकांजवळ या गोष्टीला आडवळणाचे शब्द तेवढे आहेत. अडचण, बाजूला बसणे, कावळा शिवणे. सासूच्या वयाच्या बाईने 'मला कावळा शिवला' म्हटले तर ऐकणारा आधी हसेल आणि मग देवघराच्या दारात आडवा उभा राहील. त्या गुपचूप कपडे वेगळे धूत होत्या. देवपूजा चालू ठेवली होती आणि रोज देवाची माफी मागत होत्या.

नवऱ्याला सांगायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. ते पेपर वाचत होते. "मला जरा खाली..." एवढेच त्या बोलल्या. पेपरातून उत्तर आले, पित्त आहे, आवळा खा.

त्यांची थोरली बहीण सुलाबाई चुडाव्याला दिली होती. तिचेही असेच काहीतरी होते. शेवटी नांदेडला नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरने विचारले, किती महिन्यांपासून? मागे उभ्या नवऱ्याला ते माहीत नव्हते आणि सुलाबाईकडे कुणी पाहिले नाही. तिच्या तेराव्याला तोच नवरा पंगतीत सांगत होता की इलाजात आम्ही काही कमी केले नाही. हे कावेरीबाईंना रोज आठवत होते. पण दुसरी गोष्टही रोज आठवत होती. दुखणे बाहेर आले तर वालेन्सिया, योगिनी, नातवंड, सगळे रद्द. जाता यावे म्हणून गप्प बसायचे, आणि गप्प बसले तर सुलाबाई. अशा दोन्ही बाजूंनी त्या अडकल्या होत्या, आणि त्यातून सोडवणारा माणूस माडीवर पहिल्या बाकावर बसून 'बुएनोस दियास' घोकत होता.

घोकण्यात मात्र व्यंकटराव कमी नव्हते. पाढे म्हणावेत त्या सुरात ते म्हणत. मे दुएले ला काबेसा, माझे डोके दुखते. तेंगो फिएब्रे, मला ताप आहे. सोय दियाबेतिको, मला साखर आहे. दूधवाल्याला सकाळी 'बुएनोस दियास', म्हणजे सुप्रभात, ऐकावे लागे, न्हाव्याला दाढी करता करता 'मे दुएले'. न्हावी घाबरून वस्तरा बाजूला घ्यायचा. व्यंकटराव खूश व्हायचे.

पहिल्याच आठवड्यात भक्तीने कावेरीबाईंकडे वळून विचारले, "कोमो से यामा?" म्हणजे तुमचे नाव काय.

"कावेरी," व्यंकटराव म्हणाले.

"काका, मी काकूंना विचारलं."

"तिला विचारलं काय अन् मला विचारलं काय, एकच हाय."

नर्सिंगच्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. कावेरीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मनातल्या मनात आपले नाव घेतले, तेवढ्यावर तो धडा संपला.

दुसऱ्या आठवड्यात व्यंकटरावांनी मुद्द्याला हात घातला. त्यांनी विचारले की पित्ताला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात. भक्तीने सांगितले, तसा एक शब्द आहे, पण तो सांगून उपयोग नाही. आपण ज्याला पित्त म्हणतो ते तिथल्या डॉक्टरला कळणार नाही. तो विचारेल, कुठे दुखते, कधीपासून, नेमके काय होते.

व्यंकटराव थक्क झाले. "म्हणजे स्पेनमध्ये पित्तच न्हाई?"

"माणसाच्या पोटात असेल काका. डॉक्टरच्या तोंडात न्हाई."

"अन् एवढं सगळं आपणच सांगायचं? मग डॉक्टर कशाचा तो?"

त्या दिवशी घरी येताना ऑटोत ते स्पेन देशाबद्दल फार वाईट बोलले. चाळीस वर्षे पुरलेला एकुलता एक शब्द सीमेवरच जप्त झाला, म्हणजे माणूस चिडणारच. कावेरीबाई ऑटोच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पाहत होत्या. कुठे, कधीपासून, काय होते. हे तीन प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारले नव्हते. असे प्रश्न विचारणारे डॉक्टर कुठल्यातरी देशात असतात, याचेच त्यांना अप्रूप वाटत होते.

चौथ्या आठवड्यात बाळंतपणाचा धडा आला. म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी खटपट चालली होती तो धडा. भक्तीने फळ्यावर लिहिले, कळा, पोटाखाली, पाणी जाणे, रक्त. व्यंकटरावांनी फळ्याकडे पाहिले, नर्सिंगच्या मुलींकडे पाहिले, घसा साफ केला आणि हे बायकांचे आहे, तुमचे चालू द्या, असे म्हणून ते जिना उतरले. धडा संपेपर्यंत ते खालच्या टपरीवर चहा पीत बसले. पोरीबाळींसमोर असले शब्द ऐकणे त्यांच्या प्रतिष्ठेला परवडणारे नव्हते. सुनेच्या बाळंतपणात डॉक्टरशी बोलायला निघालेला जिम्मेदार माणूस बाळंतपणाच्याच धड्याला गैरहजर राहिला. टपरीवाल्याला मात्र त्यांनी त्या दिवशी 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, शिकवले.

वर कावेरीबाई पहिल्यांदा पहिल्या बाकावर बसल्या. रक्ताला सांग्रे. मला रक्त जाते, सांग्रो. पोटात खाली, आबाहो. मार्चपासून, देस्दे मार्थो. भक्ती एकेक शब्द म्हणवून घेत होती आणि त्या म्हणत होत्या. नर्सिंगच्या मुलींपेक्षा मोठ्याने. त्यांचे त्यांनाच नवल वाटले. या शब्दांना लाज चिकटलेली नव्हती. ते देवघरात कधी गेले नव्हते, सासूने ते कधी कुजबुजले नव्हते. नवी भांडी असावीत तसे ते स्वच्छ होते.

त्यांनी भक्तीला एकच विचारले. महिन्यांची सगळी नावे सांगशील का माय? भक्तीला वाटले, बाळंतपणाचा हिशोब करायचा असेल.

शेवटच्या आठवड्यात परीक्षा झाली. परीक्षेची मागणी व्यंकटरावांचीच होती. गुण मिळाल्याशिवाय शिकल्याचे समाधान त्यांना होत नसे. भक्ती डॉक्टर होऊन बसायची आणि एकेकाने समोरच्या खुर्चीवर येऊन आपले दुखणे सांगायचे, असे ठरले. व्यंकटरावांनी डोके, ताप, साखर असे तिन्ही आजार एका दमात सांगून टाकले. एवढे सगळे एकाच वेळी झालेला माणूस प्रत्यक्षात खुर्चीवर बसू शकला नसता, पण उच्चार ठणठणीत होते. स्वतःवर खूश होऊन ते बाकावर परतले आणि बायकोची परीक्षा पाहायला हातांची घडी घालून बसले.

कावेरीबाई खुर्चीवर बसल्या. सवयीने त्यांची मान मागे वळली. मागे फक्त भिंत होती. पुन्हा त्यांनी भक्तीकडे पाहिले.

भक्तीने विचारले, काय होते?

"सांग्रो," कावेरीबाई म्हणाल्या.

भक्तीला वाटले, बाळंतपणाचा धडा म्हणून दाखवायला लागल्या. तिने पुढचा प्रश्न केला, कधीपासून? धड्यात उत्तर होते, आज सकाळपासून.

"देस्दे मार्थो." आणि मग बोटांवर मोजत, सावकाश, "मार्थो, आब्रिल, मायो, हुनिओ, हुलिओ."

भक्तीने हातातला पेन खाली ठेवला. तिने विचारले, योगिनी?

"नो," कावेरीबाई म्हणाल्या. त्यांनी तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला. "यो."

मी.

 नर्सिंगच्या मुलींना कळले होते, कारण त्या धड्याला हजर होत्या. पहिल्या बाकावरून आवाज आला.

"मॅडम, ही पाठ सोडून बोलायली. गुण कापा."

बायको पाच महिन्यांचे दुखणे नवऱ्याच्या पुढ्यात, हातभर अंतरावरून, मोठ्याने सांगत होती आणि नवरा तिचे गुण कापायला सांगत होता. धडा बुडवून प्यायलेल्या चहाची किंमत कधी कधी अशी वसूल होते.

भक्ती हुशार मुलगी. तिने चेहरा बदलू दिला नाही. तिने स्पॅनिशमध्येच, एकेक सोपा शब्द निवडून, कावेरीबाईंना सांगितले. मान्याना. दोक्तोरा. तू इ यो. उद्या, बाई डॉक्टर, तू आणि मी. कावेरीबाईंनी मान हलवली. 'मान्याना म्हणजे उद्या,' व्यंकटरावांनी शेजारच्या मुलीला ऐकू जाईल असे सांगितले. आपल्यादेखत काय ठरले याचा एवढाच अर्थ त्यांच्या हाती लागला आणि तेवढ्यावर ते समाधानी होते.

दुसऱ्या दिवशी भक्तीने घरी येऊन सांगितले की काकूंना एका बाई डॉक्टरांकडे प्रत्यक्ष सरावाला नेते. दवाखाना म्हटल्यावर व्यंकटराव मागे राहणे शक्य नव्हते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावला आणि ऑटोत पुढे बसले.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. कमी बोलत. त्यांनी तिघांना दारात पाहिले आणि विचारले की पेशंट कोण. व्यंकटरावांनी बायकोकडे बोट केले आणि नेहमीप्रमाणे स्टुलामागची जागा घ्यायला निघाले.

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी तिचा मालक हाय."

"म्हणूनच."

दार लागताना फटीतून त्यांनी निदान आत टाकलेच. "पित्त हाय तिला, डॉक्टर." दार लागले. बाहेरच्या बाकावर आणखी तीन नवरे बसलेले होते. थोड्याच वेळात व्यंकटरावांचा आवाज आत ऐकू येऊ लागला. ते त्या तिघांना स्पॅनिश शिकवत होते.

डॉक्टरबाईंनी विचारले, काय होतंय?

कावेरीबाईंची मान पुन्हा मागे वळली. तिथे कुणी नव्हते. आता सांगायचे होते ते मराठीत, आणि मराठी शब्द तर सगळे आडवळणाचे. अडचण म्हणावे, की बाजूला म्हणावे? या वयात? भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे त्या पाहत राहिल्या. डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा विचारले. मग कावेरीबाई भक्तीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सांग्रो. देस्दे मार्थो."

"हे काय आहे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"स्पॅनिश," भक्ती म्हणाली. "मार्चपासून रक्त जातंय म्हणतात."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून दोघींकडे एकदा पाहिले. परभणीत इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर माणसाला फारसे नवल वाटत नाही. "चालेल," त्या म्हणाल्या. "पाळी कधी थांबली ते विचार."

असे ते चालले. डॉक्टरबाई मराठीत विचारत, कावेरीबाई स्पॅनिशमध्ये उत्तर देत आणि भक्ती ते परत मराठीत सांगे. एक झरीची सून, दुसरी परभणीची डॉक्टर, दोघींची मातृभाषा एकच, आणि मध्ये सात समुद्रांपलीकडची भाषा लाकडी पुलासारखी टाकलेली. पण सहा आठवड्यांचे स्पॅनिश किती पुरणार? कपडे वेगळे धुता का, वास येतो का, कंबर रात्री ठणकते की दिवसा, याची उत्तरे भक्तीच्या धड्यात नव्हती. तिथे कावेरीबाई थांबल्या. मग त्यांनी ते मराठीतच सांगितले. एकदा सुरू झाल्यावर सुलाबाईचेही सांगितले. डॉक्टरबाईंनी तपासले, सोनोग्राफी लिहिली, गर्भपिशवीतला तुकडा तपासणीला काढावा लागेल असे सांगितले. ओरडल्या नाहीत, उशीर केला म्हणाल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आलात ते बरं केलं."

मग व्यंकटरावांना आत बोलावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिले वाक्य काय काढले, तर, "पण ही कधी बोललीच न्हाई."

कावेरीबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. मागे वळूनही पाहिले नाही.

"बोलले की. काल, वर्गात. तुमच्याच पुढं," त्या म्हणाल्या. "तुमी गुण कापा म्हणलाव."

डॉक्टरबाईंनी भक्तीकडे पाहिले. भक्तीने मान हलवली. जसे काही यात दोष भाषेचा होता, तसे व्यंकटराव म्हणाले, "मराठीत सांगायचं मग."  काही वाक्ये उत्तर देण्याच्याही लायकीची नसतात.

तपासणीचा निकाल आला. वाईट पेशी होत्या, पण नुकत्याच, पिशवीच्या आतल्या आतच. डॉक्टरबाईंनी मोठ्या दवाखान्यात पाठवले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पिशवी काढली. तिथले डॉक्टर म्हणाले की आणखी काही महिने गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. आता पुढे औषध लागणार नाही, वेळेवर तपासणीला येत जा. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना व्यंकटरावांनी आपले पूर्ण नाव, हुद्दा आणि 'निवृत्त' हा शब्द लिहिला. इलाजात त्यांचा हातभार एवढाच.

एक खटका मात्र उडाला. तिकिटे आधीच काढलेली होती आणि रद्द करायला जितका उशीर होईल तितके पैसे जास्त कापले जातील, हे त्यांना ठाऊक होते. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी, बायको खाटेवर असताना, त्यांनी शंतनुला फोन लावून सांगायला सुरुवात केली की आईचे येणे आता काही जमत नाही, तिची तब्येत तिला झेपणार नाही, तिचे स्वतःचेही तसेच म्हणणे आहे. कावेरीबाईंनी खाटेवरून हात पुढे केला आणि फोन मागितला. चाळीस वर्षांत त्यांनी चालू बोलण्यातला फोन कधी मागितला नव्हता. व्यंकटरावांनी तो दिला, कारण काय करावे हे त्यांना सुचले नाही. फोनवर त्या म्हणाल्या, "मी यायलेय. डॉक्टरला मी स्वतः विचारलंय." आणि फोन परत दिला.

डॉक्टरांनी परवानगी दिली. ऑक्टोबरच्या शेवटी दोघे गेले. तिथल्या दवाखान्यात बाळंतिणीजवळ एकाच माणसाला थांबता येत होते. योगिनीने सासूला मागून घेतले. तिला आई नव्हती, आणि शंतनु रक्त पाहून पडतो हे तिला ठाऊक होते. व्यंकटराव बाहेर बाकावर बसले. आपली सगळी वाक्ये त्यांनी मनात उजळून ठेवली होती, डोके, ताप, साखर. त्यांना कुणी काही विचारले नाही. एकदा एक नर्स जवळून गेली, तेव्हा ते उठून 'बुएनोस दियास' म्हणाले. ती 'बुएनास नोचेस' म्हणून निघून गेली, कारण बाहेर रात्र होती.

आत सुईणीने कावेरीबाईंना त्यांचे नाव विचारले. त्यांनी सांगितले. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

जानेवारीत दोघे परत आले. तेव्हापासून व्यंकटराव रोज संध्याकाळी त्याच टपरीवर बसतात आणि वसमत रस्त्यावरच्या निवृत्त मंडळींना आपल्या दूरदृष्टीची हकिकत सांगतात. बायकोच्या तब्येतीची शंका त्यांना फार आधीपासून होती. म्हणूनच तर त्यांनी तिला त्या वर्गात घातले. पोरीने थोडेफार शिकवले, पण खरी तयारी त्यांनी घरी करून घेतली. परदेशी डॉक्टरांनी त्यांचे उच्चार ऐकून विचारले की तुम्ही कुठले. ऐकणारे मान डोलावतात. चहाचे पैसे ज्याला घाई असेल तो देतो.

कावेरीबाई दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. एकट्या. कंपाउंडर विचारतो, सोबत कोण हाय? त्या म्हणतात, मीच हाय. घरात व्यंकटराव अजूनही त्यांच्या प्रत्येक शिंकेला पित्त म्हणतात. त्या आता ऐकून घेत नाहीत, आणि वादही घालत नाहीत. भाकरी तव्यावर टाकून 'नो' म्हणतात.

मार्चमध्ये त्या भक्तीला भेटायला माडीवर गेल्या. नातीचे फोटो दाखवले. निघताना त्यांनी पिशवीतून अडीचशे रुपये काढले, फीची बाकी म्हणून. भक्तीने त्यांचा हात मिटवला. "तुमचे नकोत काकू. काकांचे पाहिजेत."

हा निरोप कावेरीबाईंनी घरी पोहोचवला. व्यंकटरावांनी हातातला पेपर खाली न करता सांगितले की ठरावाप्रमाणे शिकवणी समाधानकारक झाली तरच पैसे द्यायचे होते. परीक्षेत पाठाबाहेरचे विचारले गेले. सबब ते देणे लागत नाहीत.

भक्तीचे अडीचशे रुपये अजून त्यांच्याकडून येणे आहेत.